नवा म्हणून रिमोल्ड टायर गळ्यात मारला, आता विमा कंपनीही हात वर करते

प्रश्न : माझी एकच पिकअप आहे, मीच चालवतो. वाईहून पुण्याच्या मार्केट यार्डात भाजी नेतो. चार महिन्यांपूर्वी मागचे दोन टायर 'नवे' म्हणून ११,६०० रुपयांना घेतले. पावती साध्या कागदावर, 'टायर २ नग' एवढीच. पैसे मोबाइलवरून दिले. गेल्या महिन्यात रिकामी गाडी घेऊन परतताना शिरवळच्या पुढे एका टायरचं वरचं रबर सोलून निघालं आणि गाडी दुभाजकावर गेली. दुरुस्तीला १,३८,००० रुपये लागले. दुकानदार म्हणतो, 'रिमोल्ड आहे हे सांगितलं होतं. जुना आणून द्या, बदलून देतो.' विमा कंपनीने 'रिट्रेड टायर वापरून गाडीची काळजी घेतली नाही' म्हणत दावा फेटाळला. असे टायर बेकायदा असतात का? केस कोणावर करू?

उत्तर : आधी एक सांगतो, तो फाटका टायर दुकानदाराच्या हाती देऊ नका. सोलून निघालेली पट्टी मिळाली असेल तर तीही जपा. तुमचा सगळ्यात मोठा साक्षीदार तोच आहे.

टायरवर पुन्हा रबर चढवणं बेकायदा नाही. आपलं एसटी महामंडळ स्वतःच्या कारखान्यांत हेच करतं, विमानांचे टायरही रिट्रेड होतात. बोलताना आपण सगळ्यालाच रिमोल्ड म्हणतो, पण तुमच्या प्रकरणात फरक कामाचा आहे. साध्या रिट्रेडमध्ये झिजलेली नक्षी खरवडून फक्त वरची पट्टी बसवतात. बाजू जुनीच राहते, खरचटलेली, विटलेली, म्हणून निरखून बघणाऱ्याला ओळखू येते. रिमोल्डमध्ये बाजूंवरही नवं रबर देऊन अख्खा टायर साच्यात शिजवतात, त्यामुळे तो बाहेरून नवाकोरा दिसतो. सुरक्षिततेचं म्हणाल तर दोन्हीकडे भार पेलतो तो आतला जुना सांगाडाच. तो धड असेल आणि काम नीट झालं असेल तर टायर चालतो. फक्त रिमोल्डमध्ये सांगाड्याचं वय झाकलं जातं, आणि 'नवा' म्हणून विकायचा मोह तिथेच होतो.

तुम्ही पाठवलेल्या फोटोत बाजू काळीभोर आहे, पण टायरच्या आतल्या अंगाला पंक्चरचा जुना पॅच दिसतो. चार महिन्यांत पंक्चर काढलं नसेल तर तो पॅच आला कुठून, याचं उत्तर दुकानदाराने द्यायचं. टायरची दुसरी बाजूही बघा. तिथे चार आकडे सापडले, समजा २३१९, तर टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला. त्याचाही फोटो घ्या.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(४७) मध्ये जुना किंवा दुरुस्त केलेला माल नवा म्हणून विकणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. बिल न देणं हीसुद्धा. 'सांगितलं होतं' म्हणणाऱ्याने मग पावतीवर 'रिमोल्ड' हा एक शब्द का लिहिला नाही? त्याच मापाच्या नव्या आणि रिमोल्ड टायरचे दर दोन-तीन दुकानांतून लेखी घ्या. तुम्ही मोजलेली रक्कम नव्याच्या जवळ जात असेल तर बचाव तिथेच लंगडा होतो. रबर चढवणाऱ्या कारखान्याचं नाव कळलं तर त्यालाही सामनेवाला करा, कारण पुनर्निर्मिती करणाराही या कायद्याने उत्पादक ठरतो. मात्र उत्पादन दायित्वाखाली, म्हणजे सदोष मालाने केलेल्या नुकसानीच्या जबाबदारीखाली, गाडीचं नुकसान मागता येतं, बुडालेल्या खेपांचं उत्पन्न नाही.

'ही व्यावसायिक गाडी, तुम्ही ग्राहकच नाही' असा आक्षेप येणारच. एकच गाडी, स्वतः चालवून पोट भरणं हे स्वयंरोजगारात मोडतं, आणि असा माणूस ग्राहकच ठरतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंगच्या निकालात हे स्पष्ट केलं आहे. दुसरा आक्षेप ओव्हरलोडचा. त्या दिवशी गाडी रिकामी होती हे बरंच झालं, पण आधीच्या खेपांच्या वजनकाट्याच्या पावत्याही शोधून ठेवा. तक्रार साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगातच करता येईल. मुदत दोन वर्षं, आणि मोजलेली किंमत पाच लाखांच्या आत असल्याने शुल्क नाही. टायर प्रयोगशाळेत पाठवायची विनंती तक्रारीतच करा.

आता विमा. केंद्रीय मोटार वाहन नियम ९४ प्रमाणे तुमच्या गाडीच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर हवी. चार महिन्यांच्या टायरवर ती भरपूर असणार. टायर रिट्रेड आहे हे तुम्हाला माहीत होतं आणि अपघात त्याच्याचमुळे झाला, हे कंपनीने दाखवायचं. फेटाळल्याच्या पत्राला लेखी उत्तर द्या. महिन्यात समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडे जा, पुण्यात कार्यालय आहे. टायरची किंमत मात्र पॉलिसीत सहसा निम्मीच मिळते.

एक सांभाळा. दुकानदाराविरुद्ध लिहिताना रागाच्या भरात 'असले टायर जीवघेणेच असतात, कोणालाही कळतं' असं लिहू नका. विमा कंपनीचा वकील नेमकं तेच पान तुमच्यासमोर धरेल. दोन्हीकडे एकच वाक्य ठेवा : मी नवा समजून घेतला, नव्याचे पैसे दिले. आणि नुकसान तपासणाऱ्या सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत विमा कंपनीकडे मागा. ती आल्याशिवाय पत्राचं उत्तर लिहायला बसू नका.