विदर्भाच्या खेड्यातून वकिली करून दिल्लीच्या सभागृहात पोचलेलं, वाचायलाच हवं असं नाव कोणतं?

माझ्या मते लोकनायक बापूजी अणे. जन्म वणीचा, 1880 चा. यवतमाळला वकिली केली, टिळकांचे पक्के अनुयायी, पुढे केंद्रीय कायदेमंडळात सदस्य.

पण 1930 चं त्यांचं काम मला सगळ्यात मोठं वाटतं. मिठाचा सत्याग्रह सुरू झाला, आपल्या वऱ्हाडात मात्र ना समुद्र, ना मिठागर. इथल्या शेतकऱ्याला रोज नडत होता तो जंगल कायदा. घरच्या बैलांना चारा हवा, तरी राखीव जंगलातलं गवत परवान्याशिवाय कापायचं नाही. बापूजींनी नेमकं तेच हेरलं. कायदेमंडळाची जागा सोडली आणि जुलैत पुसदजवळच्या राखीव जंगलात विळ्याने गवत कापून अटक करून घेतली. कायदा शिकलेल्या माणसाने उघडपणे, परिणाम माहीत असताना कायदा मोडला! पुसदचा हा जंगल सत्याग्रह आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेत शिकवला पाहिजे.

पुढे 1941 मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले. त्यावर टीका करणारे करतात, पण फेब्रुवारी 1943 मध्ये गांधीजींच्या उपोषणाच्या वेळी सरकार बधेना, तेव्हा त्यांनी राजीनामा दिला, हेही सांगायला हवं. स्वातंत्र्यानंतर बिहारचे राज्यपाल झाले.

लोकसभेत ते नागपूरमधून 1959 च्या पोटनिवडणुकीत आणि पुन्हा 1962 मध्ये निवडून आले, वेगळ्या विदर्भाची मागणी घेऊन. तेव्हा वय ऐंशीच्या आसपास! 1968 मध्ये ते गेले. टिळकांवर संस्कृतात लिहिलेल्या त्यांच्या महाकाव्याला मरणोत्तर साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.