हात चांगला आहे, स्वभावाचं बघ

अनेक आशीर्वाद.

लायसन्स हातात पडलं, अभिनंदन. क्लच-गिअरबद्दल मला काही सांगायचं नाही. तुझा हात बसलेला आहे. पण खंबाटकी घाटात मी तुझ्या शेजारी होतो. मागच्याने डिपर मारत कट मारला आणि तुझ्या गप्पाच बंद झाल्या. झटक्यात तिसरा टाकलास, अंगठा हॉर्नवर. पुढची दोन वळणं तुझी नजर रस्त्यावर नव्हती, त्याच्या नंबरप्लेटवर होती.

मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन आणि सहकाऱ्यांनी १९९० साली ब्रिटनमधल्या ड्रायव्हरांना प्रश्नावली देऊन एक फरक दाखवला. चुका वेगळ्या आणि जाणूनबुजून नियम मोडणं वेगळं. वय वाढेल तसं नियम मोडणं कमी होत होतं, चुका मात्र तशा कमी होत नव्हत्या. म्हणजे सफाईदार हात असला की काम झालं, असं नाही. नियम मोडण्यामागे बऱ्याचदा स्वभाव असतो: कुणाला थरार हवा असतो, कुणाला धीर नसतो, कुणाचं डोकं पटकन तापतं. तुला वेगाचं वेड नाही, हे मी पाहिलंय. तुला लागतो तो अपमान. माझ्या मते हे जास्त वाईट, कारण थरार शोधणाऱ्याला निदान आपण काय करतोय ते ठाऊक असतं. चिडलेल्याला आपलंच बरोबर वाटतं.

रागाच्या भरात ६० चे ८० कधी झाले ते कळतही नाही. ब्रेक लागल्यावर गाडी थांबायला मात्र जवळजवळ पावणेदोनपट रस्ता लागतो.

"मी इतरांपेक्षा बरी चालवतो" हे मला सांगू नकोस. १९८१ च्या स्वेन्सन या मानसशास्त्रज्ञाच्या पाहणीत ९३ टक्के अमेरिकन विद्यार्थ्यांनी स्वतःला कौशल्यात वरच्या अर्ध्यात बसवलं होतं!

स्वभाव बदल म्हणत नाही, तो असा बदलत नसतो. त्याला संधी देऊ नकोस, एवढंच. घरून पंधरा मिनिटं आधी नीघ. डिपर दिसला की डावीकडे हो, जाऊ दे त्याला. आणि सध्या मित्रांना भरून रात्री लोणावळा नको. बघणारे सोबतीला असले की तरुण पोरं जास्त धोका पत्करतात, हे प्रयोगांतही दिसलंय.

शनिवारी कात्रज चौकाची गर्दी पार केलीस की फोन कर. कोण कसा आडवा घुसला ते नको सांगूस. त्यानंतर तू काय केलंस, तेवढं सांग.

तुझा,
काका