टॅक्स वाचतो म्हणून रिमोट माणसं ठेवावी का? आर्वीकडच्या तेलघाणीवाल्या भाऊंना उत्तर

भाऊ, तुम्ही आकडे खुल्या मनाने दिले ते बरं केलं, त्यामुळे उत्तरही मोघम देणार नाही. बाकीच्यांना समजावं म्हणून प्रश्न थोडक्यात सांगतो. आर्वी तालुक्यात यांचा लाकडी घाणा आहे, जवस, करडई, शेंगदाणा, तीळ. धंदा स्वतःच्या नावावर, दुसरं उत्पन्न नाही. वर्षाची उलाढाल 68 लाख, त्यातले 52 लाख यूपीआय आणि बँकेतून येतात, 16 लाख रोख. खरा नफा 9 लाखाच्या आसपास. जीएसटी नंबर आहे, आयकराचं रिटर्न 44एडी कलमाखाली भरतात. ऑनलाइन विक्री महिन्याला दीड लाख, आणि तीच वाढवायची म्हणून इन्स्टा आणि जाहिराती सांभाळायला पुण्याची एक मुलगी 18 हजार महिन्याने, नागपूरचा डिझायनर 12 हजार महिन्याने, आणि वेबसाइटसाठी फिलिपिन्सचा एक डेव्हलपर 600 डॉलरमध्ये, असं ठरत आलंय. कोणीतरी यांना सांगितलं की हे सगळं खर्चात दाखव, टॅक्स एवढा वाचते की माणसं जवळपास फुकटात पडतात.

तर भाऊ, तुमच्या केसमध्ये टॅक्स एक रुपयाही वाचत नाही. काहून ते सांगतो.

44एडी म्हणजे अंदाजे नफ्याची पद्धत. बँकेतून आलेल्या विक्रीवर 6 टक्के, रोख विक्रीवर 8 टक्के, एवढा नफा कमीत कमी दाखवायचा. तुमचं गणित 3 लाख 12 हजार अधिक 1 लाख 28 हजार, म्हणजे 4 लाख 40 हजार. या पद्धतीत सरकार धरूनच चालते की सगळे खर्च आधीच वजा झाले, त्यामुळे पुण्याच्या मुलीचे पैसे वेगळे वजा करायला जागाच उरत नाही. (1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा लागू आहे, त्यात कलमांचे नंबर बदलले, पण सगळे अजून जुनेच नंबर बोलतात म्हणून मीही तेच वापरतो.)

आता तुम्ही म्हणाल की मग 44एडी सोडतो, हिशोबाच्या वह्या ठेवतो, खरे खर्च दाखवतो. ठीक आहे, पण 2025-26 पासून आयकराच्या नव्या पद्धतीत (न्यू रेजिम) 12 लाखापर्यंतच्या उत्पन्नावर रिबेट, म्हणजे करात सूट, मिळून टॅक्स शून्य होतो आणि तुमचा खरा नफा 9 लाख आहे. शून्यातून काय वाचवणार? वर 44एडी मध्ये आल्यावर पाच वर्षांच्या आत त्या 6-8 टक्क्यांपेक्षा कमी नफा दाखवून बाहेर पडलात तर पुढची पाच वर्षं परत येता येत नाही, आणि उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर असलं की वह्या आणि ऑडिट मागे लागते, त्याची फी वेगळीच. माझं तर म्हणणं आहे की 44एडी मध्येच राहा पण नफा खरा, 9 लाखच दाखवा. कमीत कमी 6-8 टक्के दाखवायचे असा नियम आहे, तेवढेच दाखवा असा नाही. टॅक्स तरीही शून्यच येते आणि उद्या सीसी लिमिट (धंद्याला बँकेकडून मिळणाऱ्या उधारीची मर्यादा) वाढवायला बँकेत गेलात तर रिटर्नमधला 9 लाखाचा आकडा उपयोगी पडते, 4 लाख 40 हजाराचा नाही पडत.

एक गैरसमज अजून आहे, खूप लोकांचा. नव्या पद्धतीत कुठलीच वजावट नाही असं सगळे म्हणतात. ते एलआयसी, पीपीएफ, घरभाडं असल्या गोष्टींबद्दल खरं आहे. धंद्यासाठी केलेला खर्च वेगळा, वह्या ठेवणाऱ्याला तो नव्या पद्धतीतही नफ्यातून वजा होते, मग माणूस पुण्यात बसून काम करो की आर्वीत. समजा उद्या तुमचा नफा 15 लाख झाला आणि तुम्ही वह्या ठेवता. त्यावर टॅक्स सेससकट 1 लाख 9 हजार 200. पुण्याची मुलगी आणि डिझायनर या दोघांचे वर्षाचे 3 लाख 60 हजार वजा केले तर उत्पन्न 11 लाख 40 हजार, टॅक्स शून्य. म्हणजे 1 लाख 9 हजार वाचले, पण गेले 3 लाख 60 हजार, अडीच लाख तुमच्याच खिशातून गेले ना. आणि हे तर सगळ्यात चांगलं उदाहरण झालं, 12 लाखाच्या उंबरठ्यामुळे एवढं दिसते.

म्हणून टॅक्स बाजूला ठेवा आणि हे पाहा की माणूस स्वतःचा पगार कमावून देते की नाही. तुम्ही लिहिलंय की 100 रुपयाच्या ऑनलाइन विक्रीत बी, बाटली, कुरिअर जाऊन 22 रुपये उरतात. महिन्याचे 30 हजार भरून काढायला दर महिन्याला 1 लाख 36 हजाराची जास्तीची विक्री पाहिजे. आणि त्या 18 हजारात जाहिरातीचे पैसे नाहीत, ती फक्त तिची फी आहे, हे तुमच्या हिशोबात मला दिसलं नाही. जाहिरातीला 10 हजार धरले तर जास्तीची विक्री 1 लाख 82 हजार पाहिजे, म्हणजे आजची ऑनलाइन विक्री दुपटीच्या वर गेल्यावर तुम्ही कुठे बरोबरीत येता, नफा त्याच्यानंतर. होऊ शकते, तेल संपणारी वस्तू आहे, एकदा चव पटली की गिऱ्हाईक परत परत मागवते, पण पहिल्या महिन्यापासून नाही होत.

तोवर पैसा कुठून येईल? फेब्रुवारी-मार्चमध्ये जवस आणि करडईची आवक सुरू होते, तेव्हा हातात रोकड असली तर माल घेऊन ठेवता येते, तुमच्या धंद्याचं वर्ष त्या खरेदीवर चालते. दर महिन्याचे 40 हजार बांधून घेतले तर नेमकं त्या वेळी हात आखडते. मला काळजी याची आहे, टॅक्सची नाही.

माझा सल्ला असा. डिझायनर महिन्याने ठेवू नका. लेबल काही दर महिन्याला बदलत नाही, कामाप्रमाणे पैसे द्या. पुण्याची मुलगी ठेवा, पण दिवाळीच्या आधीचे धरून तीन महिने, लेखी बोलीवर, काय काय करणार ते लिहून. तिची फी आणि जाहिरात मिळून 28 हजार, म्हणजे तिसऱ्या महिन्यापर्यंत जास्तीची विक्री 1 लाख 27 हजारावर पोचली पाहिजे. तिच्या जाहिरातीतून आलेल्या ऑर्डरला वेगळा कूपन कोड द्या, नाहीतर दिवाळीची आपोआप वाढलेली विक्रीही तिच्या नावावर जाईल. परत आलेले गिऱ्हाईक वेगळे मोजा, ते मला जास्त महत्त्वाचे वाटतात.

फिलिपिन्सवाला नकोच. 600 डॉलर म्हणजे डॉलर 90 चा धरला तर 54 हजार, त्यावर 18 टक्के जीएसटी रिव्हर्स चार्जने (म्हणजे काम करणाऱ्याऐवजी घेणाऱ्याने) तुम्हीच भरायचा, 9,720 रुपये, तोही जुन्या क्रेडिटमधून नाही, खिशातून. त्याचं क्रेडिट, म्हणजे तेलावरच्या जीएसटीतून वळतं करणं, नंतर मिळते पण आधी भरावा लागते. परदेशात पैसे पाठवताना टीडीएस (पैसे देतानाच कापून सरकारला भरायचा कर) लागतो की नाही हे आधी तपासावं लागते, तिथे उलाढाल छोटी आहे म्हणून सूट नसते, आणि वह्या ठेवणाऱ्याने लागू असून कापला नाही तर अख्खा खर्चच नामंजूर होते. एवढ्या कामासाठी सीएची फी, बँकेचे फॉर्म, कशाला? अमरावती-नागपूरला पोरं आहेत, काही अडलं तर समोर बसून बोलता येते.

देशातल्या माणसांना देताना तुम्हाला सध्या टीडीएस कापायची गरज नाही, कारण स्वतःच्या नावावरच्या धंद्याला मागच्या वर्षी उलाढाल 1 कोटीच्या वर गेली तरच तो लागतो. पण 68 वरून 1 कोटी फार लांब नाही भाऊ. ज्या वर्षी 1 कोटी ओलांडाल त्याच्या पुढच्या एप्रिलपासून टॅन नंबर (टीडीएस भरायला लागतो तो) काढून ठेवा. वह्या ठेवत असताना टीडीएस चुकला तर त्या खर्चाचा 30 टक्के भाग त्या वर्षी वजा होत नाही. 44एडी मध्ये वजावटीचा प्रश्न येत नाही पण टीडीएसची जबाबदारी तिथेही सुटत नाही, हे लोक विसरतात.

कागद मात्र आजपासूनच नीट ठेवा. दर महिन्याला बिल घ्या, त्यावर नाव, पॅन, कोणतं काम केलं ते. पैसे धंद्याच्या खात्यातून द्या, रोख नाही. वह्या ठेवणाऱ्याला एका माणसाला एका दिवसात 10 हजाराच्या वर रोख दिलेला खर्च वजा होत नाही. शेतकऱ्याकडून थेट जवस घेताना त्याला रोख दिले तर त्याला यातून सूट आहे, म्हणून घाण्यावर रोखीची सवय लागलेली असते, ती सूट पुण्याच्या मुलीला किंवा डिझायनरला नाही. तिचं उद्यम रजिस्ट्रेशन (छोट्या धंद्यांची सरकारी नोंदणी) असलं तर लेखी करार असल्यास जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि नसल्यास 15 दिवसांत पैसे द्यायचे. तिचा जीएसटी नंबर असला तर ती 18 टक्के लावेल, त्याचं क्रेडिट तुमच्या तेलावरच्या जीएसटीतून वळतं होते, म्हणून घाबरू नका, पण 18 हजार जीएसटीसकट की जीएसटी वेगळा, हे आधी विचारून घ्या.

करार करायच्या आधी त्याचा मसुदा आणि मागच्या दिवाळीच्या तीन महिन्यांची ऑनलाइन विक्री मला पाठवा. वाढ कशावरून मोजायची ते त्या आकड्यावरूनच ठरवू.