पंप सुरू झाला की घरी बनवलेल्या तापमान प्रोबचा आकडा का नाचतो?

तुमची मांडणी मला समजली ती अशी: अलिबागच्या खारेपाटात जिताड्याच्या पिल्लांसाठी हजार लिटरची टाकी, १० के (१० हजार ओहमचा) थर्मिस्टर, म्हणजे तापमानाप्रमाणे रेझिस्टन्स बदलणारा भाग, इपॉक्सी गोंदात बसवून घरी केलेला प्रोब, आर्डुइनो या छोट्या कंट्रोलर बोर्डापर्यंत १२ मीटर तार, बोर्डाला दोन पिनांचा चार्जर आणि एक रिले (बोर्डाच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच). पंप लावला की आकडा २६ ते ३३ अंशांमध्ये नाचतो, सलग दहा वाचनांची सरासरी घेतली तरी फरक पडत नाही. पंप बंद असला तरी काचेच्या थर्मामीटरपेक्षा दीड अंश जास्तच दाखवतो.

पाणी तापतंय ही शंका आधी मनातून काढा. हजार लिटर पाणी नुसतं चार अंशांनी तापवायलाही साडेचार युनिटहून जास्त वीज लागते, तुमचा पंप काही सेकंदांत तेवढी देऊच शकत नाही. खरा धागा त्या दीड अंशात आहे. मला वाटतं, प्रोबमध्ये पाणी शिरलंय.

थर्मिस्टर तापला की त्याचा रेझिस्टन्स कमी होतो. खारं पाणी आत झिरपलं की ते त्याच्या जोडीने करंट वाहतं, एकूण रेझिस्टन्स उतरतो आणि बोर्डाला वाटतं पाणी गरम आहे. माझ्या खेकड्यांच्या टाकीत, देवगडच्या बाजूला, हेच झालं होतं. आठवडाभर मी कोडच बदलत बसलो. शेवटी प्रोब ब्लेडने उभा चिरला. इपॉक्सी वरून चकचकीत, पण आतली तांब्याची तार हिरवी-काळी पडलेली, नखाने दाबली तर भुगा. पाणी शिरलं होतं ते तारेचं पीव्हीसी कव्हर आणि इपॉक्सी यांच्या फटीतून. पीव्हीसीला इपॉक्सी नीट धरतच नाही.

आता पंपाचा संबंध. पंपाची बॉडी अर्थिंगला जोडलेली आणि पाण्याला टेकलेली, म्हणजे तुमची अख्खी टाकीच अर्थिंगवर आहे. प्रोब फुटका असला की आर्डुइनोचा ग्राउंडही त्याच पाण्यातून अर्थिंगला मिळतो. मग मोटरची थोडीफार गळती आणि तुमच्या दोन पिनांच्या चार्जरमधून झिरपणारा करंट, दोन्ही थर्मिस्टरच्या तारेतून वाट काढतात. चार्जर काढून बोर्ड पॉवर बँकवर चालवून बघा. नाच कमी झाला तर वाट सापडलीच.

खात्री करायची तर आधी पंपाचा प्लग काढा. प्रोबच्या दोन्ही तारा बोर्डापासून सोडवा, मल्टिमीटर २ मेगाओहमवर ठेवा. एक टोक तारेला, दुसरं स्टीलच्या चमच्याला लावून चमचा पाण्यात धरा. काहीही आकडा आला तरी प्रोब बाद.

नवा करताना ३१६ ग्रेडची, एका टोकाला बंद असलेली स्टीलची नळी घ्या आणि तिचं उघडं तोंड पाण्याच्या वर राहील एवढी लांब घ्या. सांधा पाण्याखाली गेलाच नाही तर गळायचा प्रश्नच नाही. थर्मिस्टरची टोकं नळीला टेकणार नाहीत, एवढं बघा.

तरीही थोडा नाच उरेल, कारण १२ मीटर तार म्हणजे अँटेनाच. पिळाची जोडतार वापरा, पंपाच्या वायरबरोबर एकाच पट्टीत नेऊ नका. तारेवर धातूची जाळी (शील्ड) असेल तर ती फक्त बोर्डाकडच्या टोकाला ग्राउंड करा, दोन्हीकडे जोडलीत तर नवा लूप तयार होतो. इनपुट पिन आणि ग्राउंडमध्ये १०४ नंबरचा (०.१ मायक्रोफॅरॅड) सिरॅमिक कपॅसिटर, बोर्डाला अगदी लागून. रिलेचा आणि थर्मिस्टरचा ग्राउंड वेगवेगळ्या तारांनी बोर्डापर्यंत आणा. एकाच बारीक तारेतून रिलेचे ७० मिलिअँपिअर गेले आणि तिचा रेझिस्टन्स एक ओहम भरला, तरी साधारण अर्ध्या ते पाऊण अंशाचा फरक पडतो.

सरासरीने का फरक पडला नाही, तर सलग दहा वाचनं जेमतेम एका मिलिसेकंदात उरकतात. ५० हर्ट्झच्या एका आवर्तनाला २० मिलिसेकंद लागतात. वाचनं पूर्ण २० मिलिसेकंदांवर पसरवा.

नाच थांबवायला पंपाची अर्थिंगची तार काढा, असा सल्ला कोणी दिला तर कृपा करून ऐकू नका. त्याने आकडा कदाचित शांत होईल, पण मोटरची वाइंडिंग गेली त्या दिवशी टाकीत हात घालणाऱ्याला शॉक बसेल. पंपाच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) नसेल, तर प्रोबच्या आधी तो बसवून घ्या.

चमच्याच्या चाचणीत किती आकडा आला ते इथेच खाली लिहा, त्यावरून पुढचं सांगतो.