गव्हर्नेस, शिफारसपत्र आणि प्रमाणपत्र : वाचकांचे प्रश्न

व्हिक्टोरियन इंग्लंडमध्ये मुलींसाठी पात्र गव्हर्नेस कशी मिळे, याविषयीच्या पत्रांत तोच तो गोंधळ आढळतो. म्हणून काही प्रश्न एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : गव्हर्नेस म्हणजे आयाच ना?

उत्तर : नाही, आया मुलांना सांभाळी, गव्हर्नेस शिकवी.

प्रश्न : माझ्या कादंबरीतील आई 1840 साली गव्हर्नेस शोधते. ती पात्रता कशी तपासेल?

उत्तर : ‘पात्रता’ या शब्दानेच घोटाळा होतो, कारण तेव्हा ती तपासणारे कोणी नव्हतेच. लंडनच्या ‘टाइम्स’ वृत्तपत्रातील जाहिरात, ओळखीच्या बाईंचे पत्र किंवा दलाली घेणारी एजन्सी एवढेच मार्ग होते, आणि उमेदवार बाईने फ्रेंच व पियानो येतो असे सांगितले, की स्वतःला फ्रेंच न येणाऱ्या आईने ते मान्य करण्यावाचून गत्यंतर नसे. गव्हर्नेसना शिकवून प्रमाणपत्र देणारे क्वीन्स कॉलेज लंडनच्या हार्ली स्ट्रीटवर निघाले ते 1848 मध्ये. केंब्रिज विद्यापीठाच्या शालेय ‘स्थानिक’ परीक्षा मुलींना रीतसर खुल्या झाल्या त्या 1865 मध्ये. तरीही परीक्षेने ज्ञान कळते, माणूस कळत नाही. 1862 मध्ये सयामच्या (आजच्या थायलंडच्या) राजा मोंगकुट यांच्या मुलांना शिकवायला गेलेल्या ॲना लिओनोवेन्स आपला जन्म वेल्समधला आणि दिवंगत पती लष्करी अधिकारी असल्याचे सांगत. प्रत्यक्षात त्यांचा जन्म 1831 साली आपल्या अहमदनगरचा आणि पती कारकून. तरी त्यांनी सांगितलेली खोटी माहिती चरित्रांतूनही दीर्घकाळ फिरत राहिली, याचा मला आजही संताप येतो. तेव्हा चित्रपट पाहून प्रसंग रचू नका. हस्तलिखित त्या काळाच्या अभ्यासकाला दाखवा.

प्रश्न : पगार किती असे?

उत्तर : घराघरांत फरक असे. गव्हर्नेस म्हणून काम केलेल्या कादंबरीकार शार्लट ब्राँटे यांना 1841 मध्ये वर्षाला 20 पौंड ठरले होते, पण कपडेधुलाईचे कापून हाती सुमारे 16 उरत. आजच्या रुपयांत सांगणाऱ्या तक्त्यांवर विसंबू नका.

प्रश्न : एक विक्रेता क्वीन्स कॉलेजचे 1846 चे मूळ गव्हर्नेस-प्रमाणपत्र विकतो आहे. घ्यावे का?

उत्तर : कॉलेज 1848 चे आहे. पैसे देऊ नका. साल दुरुस्त केलेली दुसरी प्रत त्याने पुढे केली, तर ती आधी अभिलेखतज्ज्ञांकडून तपासून घ्या.

प्रश्न : 1851 च्या जनगणनेत माझ्या प्रबंधातील गव्हर्नेस वडिलांच्या घरी सापडत नाही. पुढच्या आठवड्यात प्रबंध द्यायचा आहे.

उत्तर : नोकरीत राहणारी बाई यजमानांच्या घरातील नोंदीत शोधायची असते, तिथे कुटुंबप्रमुखाशी नाते, व्यवसाय आणि जन्मस्थळ असे रकाने आहेत. हे सहा महिन्यांपूर्वी विचारायला हवे होते. आजच मार्गदर्शकांना भेटून मुदतवाढ मागा.