न्यूमोनिया म्हणजे फुफ्फुसात नेमकं काय होतं? (डिचोलीला आईच्या एक्स-रेमध्ये डॉक्टरांनी 'पॅच' दाखवला)

फुफ्फुसात द्राक्षांच्या घोसासारखे कोट्यवधी वायुकोश असतात. श्वासातला ऑक्सिजन त्यांच्या पातळ भिंतीतून रक्तात जातो. जिवाणू किंवा विषाणू तिथे पोचले की त्यांच्याशी लढायला पांढऱ्या पेशी धावतात, सूज येते आणि हवेच्या जागी पू व पाणी साचतं. एक्स-रेतला पांढरा डाग तो हाच. तेवढ्या भागातून रक्ताला ऑक्सिजन मिळत नाही, म्हणून धाप लागते. सूज फुफ्फुसाच्या आवरणापर्यंत गेली तर खोल श्वास घेताना कळ येते.

'पावसात भिजली म्हणून झालं' असं आपल्याकडे सर्रास म्हणतात, पण कारण जंतूच.

वयस्कर माणसात ताप नसूही शकतो. नुसती गुंगी, असंबद्ध बोलणं, पेजसुद्धा नको म्हणणं, एवढंच दिसतं. ते जास्त फसवं. श्वास मिनिटाला 30 वर गेला, ओठ निळसर झाले किंवा ऑक्सिमीटर 92 च्या खाली दाखवू लागला, तर सकाळची वाट पाहू नका. 108 बोलवा, गोमेकॉ (बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज) गाठा.

जिवाणूंमुळे असेल तर अँटिबायोटिकचा कोर्स पूर्ण करा. डाग जायला 6 आठवडेही लागतात, तेवढ्याने घाबरू नका.