आजीचं एकच कानातलं उरलंय, ते आटवून नवं पेंडंट घडवावं का?

आटवू नका.

तुम्ही लिहिलंय की जोडीतलं एक हरवलं, उरलेलं चांदीचं आहे, मधोमध खडा, मागची दांडी "कधीतरी तुटून पुन्हा जोडलेली", आणि डिझाइनची सुरुवात कुठून करावी ते कळत नाही. मी अडखळले ती त्या दांडीपाशी. याच एका गोष्टीपायी मी आईचं लॉकेट घालवलं. "घालवलं" हा शब्द ताईचा. मी तो अजून पूर्ण मान्य केलेला नाही.

लॉकेट चांदीचं, लांबट गोल, दोन झाकणांचं. वरच्या झाकणाच्या कडेला चार बारीक खळगे होते. ताईला दात येत होते तेव्हा आईच्या कडेवर बसून ती ते चावायची, त्याचे. चांदी मऊ, दुधाचे दातही तिला पुरतात. बिजागरी सैल झाली होती आणि मी तेव्हा हातानं दागिने घडवायला नुकतीच शिकले होते, म्हणजे सगळं येतं असं वाटायचे दिवस. ताई म्हणाली, "राहू दे ना, उघडायचंच नाही." मी म्हटलं, अर्ध्या तासाचं काम आहे.

बिजागरीपाशी एक करडा ओघळ होता. दिसला होता मला. मळ वाटला. जोड नीट बसावा म्हणून टाकणखार लावला, डाखाचा, म्हणजे जोडायला वितळवतात त्या धातूचा, तुकडा ठेवला, ज्योत धरली. चांदीचा डाख वितळायला साधारण ७०० अंश सेल्सिअस लागतात, शुद्ध चांदी वितळते ९६२ ला, म्हणून मी निर्धास्त. पण तो ओघळ कथील-शिशाचा होता, पूर्वी कुणीतरी घाईत लावलेला. तो २०० अंशांच्या आतच पाघळतो, आणि तापवत गेलं की चांदीलाच खात सुटतो. डोळ्यांदेखत कडेला भोकं पडली, वाळवी लागल्यासारखी. ती कड कापली, नवी जोडली, कानस मारली. लॉकेट आजही छान टिचकन बंद होतं. ताईचं एकच पालुपद: "तू माझे दात पाडलेस."

माझं म्हणणं, दोष कथील लावणाऱ्याचा. चांदीच्या दागिन्याला कथिलानं जोडणं हा निव्वळ आळस. ताई विचारते, तापवण्याआधी बघायचं कुणी? याला माझ्याकडे उत्तर नाही. पण सैल बिजागरीचं लॉकेट एक दिवस कुठेतरी पडून हरवलं असतं तर ते चारही दात गेलेच असते, हे ती कधी धरतच नाही.

असो. तुमच्या दांडीचा जोड आधी बघा. सुरीचं टोक टेकवा. करडं, मऊ, सहज ओरखडा उठला तर कथील समजा, आणि ते पूर्ण खरवडून निघेपर्यंत ज्योत जवळ आणू नका. खड्याची मागची बाजू बंद असेल तर आत चकचकीत वर्ख असू शकतो. पाणी शिरलं की तो काळा पडतो, त्यामुळे पाण्यात कंपनांनी दागिने साफ करणारं अल्ट्रासॉनिक यंत्र नको, नळाखाली धुणंही नको.

डिझाइनची सुरुवात कागदापासून करतात म्हणे. मी दोऱ्यापासून करते. नग दोऱ्याला वेगवेगळ्या ठिकाणी बांधून टांगून बघा. कानातलं पाळीला टेकून बसतं, पेंडंट मोकळं लोंबतं, आणि कडीची जागा चुकली की ते पुढे झुकतं नाहीतर सरळ उलटं होतं. जागा सापडली की खऱ्या मापाचं रेखाटन, मग तांब्याच्या पत्र्याचा नमुना. तो आठवडाभर गळ्यात घालून फिरा. कुठे टोचतो, कशात अडकतो, ते कागद सांगत नाही. शेवटी चांदीची चौकट आणि तिला चार नख्या. तापवणं, जोडणं, घासणं सगळं चौकटीचं उरकायचं आणि जुना नग सर्वांत शेवटी, गार चौकटीत बसवून नख्या वळवायच्या. उद्या दुसरं कानातलं सापडलं तर नख्या उघडता येतात. नगाला झिलई करू नका. खाचांतला काळेपणा राहू द्या, तो गेला की नक्षी सपाट दिसते.

हां, चांदी इतकी झिजली असेल की नखीच्या दाबानंच वाकेल, तर मागे पूर्ण पत्रा द्या. आणि आजीशी त्या नगाचं खास नातंच नसेल, नुसता पेटीत पडून होता, तर खुशाल आटवा, मला काय.

दांडी कापावी लागलीच तर तुकडा फेकू नका. लॉकेटची कापलेली कड माझ्याकडे डबीत आहे. भोकांच्या मधे दीड दात शिल्लक आहे. ताईला अजून दाखवलेला नाही.